विश्लेषण : मराठीत लेखन शिकून पोट भरेल का? अंधेरी ते घाटकोपर, नव्या लेखकांसमोर कोणत्या संधी आणि कोणते सापळे?

मालिका, वेबसीरिज, ऑडिओबुक, जाहिराती, डबिंग. देशातील सर्वाधिक लेखन जिथे विकत घेतले जाते, त्या शहरांत मुंबईचा क्रमांक फार वरचा आहे आणि मुंबईतही हा बाजार प्रामुख्याने पश्चिम उपनगरांत भरतो. त्याच उपनगरांत एम.ए. मराठी करणारी, कविता-कथा लिहिणारी, एकांकिका बसवणारी शेकडो मुले राहतात. पण या दोघांना जोडणारा वर्ग, म्हणजे सर्जनशील लेखनाचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम, मराठीत रूढ झालेला नाही. तो का हवा, तोपर्यंत विद्यार्थ्यांना कोणत्या संधी खुल्या आहेत आणि सही करण्यापूर्वी काय पाहावे, याचा हा आढावा.

हा विषय आता महत्त्वाचा का?

तीन घडामोडी एकापाठोपाठ झाल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची रचना बदलली. पहिल्या दोन घटनांवर भरपूर लिहिले-बोलले गेले. तिसरीकडे मात्र साहित्याच्या वर्तुळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. लेखक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तीच सर्वात कामाची आहे.

अभिजात दर्जामुळे मिळणारे लाभ मुख्यत्वे अभ्यासकांसाठी आहेत. अभिजात भाषेच्या विद्वानांसाठी राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पुरस्कार, अध्ययन केंद्र, विद्यापीठांतील अध्यासने असे त्यांचे स्वरूप आहे. जुन्या हस्तलिखितांचे संपादन, शिलालेख, महानुभाव वाङ्मय यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. पण आज तेवीस वर्षांची असलेली आणि पहिली कादंबरी लिहू पाहणारी मुलगी या चौकटीत बसत नाही. भाषेचा भूतकाळ जपण्याची व्यवस्था उभी राहत असताना तिचा पुढचा मजकूर कोण लिहिणार, हा प्रश्न तसाच आहे.

सध्या विद्यार्थ्यांना काय शिकायला मिळते?

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मराठी विभाग आहे, नाट्यकलेचे पदव्युत्तर शिक्षण देणारी अकादमी आहे, लोककला अकादमी आहे. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयापासून मुलुंडच्या वझे-केळकरपर्यंत उपनगरांतील महाविद्यालयांत मराठी आणि माध्यम अभ्यासक्रमांची परंपरा आहे. म्हणजे घटक सगळे आहेत. पण एम.ए. मराठीचा भर साहित्याचा इतिहास, समीक्षा, भाषाविज्ञान यांवर असतो. सर्जनशील लेखन एखाद-दुसऱ्या पेपरपुरते येते. दोन वर्षे स्वतःच्या हस्तलिखितावर काम करायचे, दर आठवड्याला ते इतरांनी वाचायचे, त्यावर वाद घालायचे आणि शेवटी त्याच हस्तलिखितावर पदवी मिळवायची, अशी वाट विद्यार्थ्याला सहज सापडत नाही.

परिणाम ठरलेला आहे. एम.ए. झाले की नेट किंवा सेट, मग तासिका तत्त्वावर अध्यापन, मग कायम नोकरीची वाट पाहणे. लिहिणे हे रात्रीचे काम. या वाटेवर काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचे नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. ते तासिका तत्त्वावर शिकवत होते. २०२० च्या टाळेबंदीत ते काम थांबले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला लेखक शेतमजुरीला गेला. बातम्या आल्यावर मदतीचे हात पुढे आले, हे चांगलेच झाले. पण बातमी होईपर्यंत थांबावे लागणे ही व्यवस्था म्हणता येत नाही.

इतर भाषांत काय आहे?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची ‘रायटर्स वर्कशॉप’ १९३६ पासून सुरू आहे. लेखनावर पदव्युत्तर पदवी देण्याची पद्धत तिथून पसरली. त्याच विद्यापीठाच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात सत्तरच्या दशकात दिलीप चित्रे सहभागी झाले होते. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळवणारे काझुओ इशिगुरो तेथूनच शिकून बाहेर पडले.

भारतातही उदाहरणे आहेत. इग्नूमध्ये इंग्रजी आणि हिंदीत सर्जनात्मक लेखनाची पदविका राहिली आहे. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात सर्जनशील लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण आहे. काही खासगी विद्यापीठांत इंग्रजीतून असे वर्ग चालतात, पण त्यांचे शुल्क सामान्य उपनगरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते.

मुंबईला सर्वात जवळचे ठरावे असे उदाहरण मात्र टेक्सासमधील एल पासो येथील विद्यापीठाचे आहे. मेक्सिकोच्या सीमेवरील या शहरात इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतून लेखनाची पदव्युत्तर पदवी घेता येते. शहर ज्या भाषांत बोलते त्याच भाषांत वर्ग चालतो. घरी मराठी, इमारतीत गुजराती, कामावर हिंदी आणि करारपत्र इंग्रजीत, अशा घाटकोपर-बोरिवलीच्या मुलांसाठी हेच प्रारूप स्वाभाविक आहे.

पण लेखन शिकवता येते का?

मराठीत हा प्रश्न लगेच विचारला जातो आणि त्यामागे एक भक्कम उदाहरण असते. अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या, लावण्या, पोवाडे, लोकनाट्ये लिहिली. ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्यांना कुठल्या विद्यापीठाने घडवले?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर अर्धेच दिले जाते. अण्णाभाऊंना वर्ग नव्हता, पण कलापथक होते. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकात लिहिलेले लगेच लोकांसमोर सादर व्हायचे. कुठे टाळी पडते, कुठे गर्दी पांगते, हे त्याच रात्री कळायचे. सोबतचे कलाकार ओळ बदलायला लावायचे. ही कार्यशाळाच होती, फक्त तिला तसे नाव नव्हते.

मध्यमवर्गीय मराठी साहित्यात हे काम संपादकांनी केले. ‘सत्यकथा’च्या संपादकांचा कथा परत पाठवताना त्यातील नेमकी अडचण दाखवण्याचा, पुन्हा लिहून घेण्याचा लौकिक होता. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही टिकून आहे, पण हस्तलिखितावर महिनोन्‌महिने काम करण्याइतका वेळ आणि मनुष्यबळ आज फार थोड्या अंकांकडे उरले आहे. म्हणजे मराठीत लेखन शिकवले जात होतेच. शिकवणाऱ्या जागा बंद पडल्या आणि त्यांच्या जागी नवे काही आले नाही.

चित्रकला शिकवता येते का, असे कोणी विचारत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून मुंबईत आहे. गाण्यात तर गुरूशिवाय पान हलत नाही. अनुभव आणि संवेदना कोणीही देऊ शकत नाही, हे खरे. मात्र प्रसंग कुठे तोडायचा, निवेदक किती जाणतो, संवाद माहिती सांगण्यासाठी आहे की माणूस उभा करण्यासाठी, तिसरा खर्डा दुसऱ्यापेक्षा बरा का झाला, या गोष्टी शिकता येतात.

धोकाही आहे. सगळे एकाच वर्गातून आले की सगळे एकाच चालीत लिहू लागतात, ही टीका अमेरिकेत अनेक वर्षे होत आहे. दलित, ग्रामीण, स्त्रीवादी साहित्याने मराठीचा कणा बदलला तो वर्गाबाहेर राहून. म्हणून असा अभ्यासक्रम आला तर त्यात कोणाला प्रवेश मिळतो, कोण शिकवते आणि कोणती बोली ‘चूक’ ठरवली जाते, यावरच त्याचे यश ठरेल.

पहिले पुस्तक काढायचे असेल तर?

विद्यार्थ्यांनी सर्वात आधी लक्षात ठेवावी अशी योजना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची आहे. १९६० मध्ये स्थापन झालेले हे मंडळ ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकाला नवलेखक अनुदान देते. ठरावीक मुदतीत हस्तलिखिते मागवली जातात. मुदत छोटी असते आणि जाहिरात अनेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून हस्तलिखित आधीच तयार ठेवणे शहाणपणाचे. साहित्य अकादमीची ‘नवोदय’ योजनाही तरुणांच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे. अकादमीचे मुंबईतील कार्यालय दादरला आहे.

साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. वयोमर्यादा ३५ वर्षे आणि रक्कम ५० हजार रुपये. २०२४ मध्ये मराठीसाठी तो तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला मिळाला. शिवणकाम करणाऱ्या माणसाची ही कादंबरी स्वतः शिवणकाम केलेल्या लेखकाने लिहिली आहे. पुरस्कार मोठ्या शहरातील, मोठ्या ओळखीच्या लेखकांनाच मिळतात हा समज अलीकडच्या यादीने बराच खोडून काढला आहे.

केंद्र सरकारच्या ‘पीएम युवा’ योजनेत ३० वर्षांखालील लेखकांची निवड होते. सहा महिने दरमहा ५० हजार रुपये, म्हणजे एकूण ३ लाख, शिवाय मार्गदर्शक आणि नॅशनल बुक ट्रस्टकडून प्रकाशन, असे तिचे स्वरूप आहे. २०२१ च्या पहिल्या फेरीत ७५ लेखक निवडण्यात आले. २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती जाहीर झाली, तिच्यात ५० जागा होत्या. तरुण लेखकाला सलग सहा महिने पगार मिळावा, ही कल्पनाच महत्त्वाची आहे. मर्यादा अशी, की विषय सरकार ठरवते. तिसऱ्या आवृत्तीत परदेशस्थ भारतीयांचे योगदान, भारतीय ज्ञान परंपरा आणि आधुनिक भारताचे शिल्पकार असे विषय होते. मनातली कादंबरी या चौकटीत बसेलच असे नाही.

आता पैशांचे गणित. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, ५०० प्रतींची आवृत्ती आणि मानधन १० टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तरी लेखकाच्या हाती १५ हजार रुपये येतात. दोन-तीन वर्षांच्या कामाचे हे मोल. पुस्तक हे नाव मिळवण्याचे साधन आहे, घरभाड्याचे नाही. म्हणूनच विद्यार्थ्याने पुस्तकाच्या पलीकडच्या वाटा आधीपासून पाहायला हव्यात.

भाषांतराची वाट किती खरी आहे?

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक बदल इथे झाला आहे. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, तर २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना. या पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. त्यामुळे भाषांतर करणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मराठीत शांता गोखले, जेरी पिंटो यांनी ही वाट आधीच रुंद केली आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि बाबुराव बागुलांच्या कथा पिंटो यांच्यामुळे इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचल्या.

न्यू इंडिया फाउंडेशनच्या भाषांतर शिष्यवृत्तीत मराठीचा समावेश आहे. सहा महिन्यांसाठी ६ लाख रुपये, आणि भर ललितेतर साहित्यावर. मराठीत इतिहास, समाजसुधारणा, आत्मकथन यांचे भांडार मोठे असल्याने मराठीच्या विद्यार्थ्याला येथे नैसर्गिक फायदा आहे. अट एकच : दोन्ही भाषा पक्क्या हव्यात. एम.ए. मराठी करताना इंग्रजी वाचन सोडून देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

अंधेरीत काम कसे मिळते?

वर्सोवा, आराम नगर, ओशिवरा, वीरा देसाई रोड. या पट्ट्यात निर्मितीसंस्था, कास्टिंगची कार्यालये, तालमीच्या जागा दाटीवाटीने आहेत. गोरेगावची चित्रनगरी तेथून जवळ. मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामे असतात आणि बहुतेक वेळा तीन वेगळी माणसे ती करतात. नवा लेखक साधारणपणे संवाद किंवा सहायक लेखनापासून सुरुवात करतो. वेग प्रचंड असतो. आठवड्याला पाच-सहा भाग जायचे तर आजचा प्रसंग आजच लागतो.

हे काम कमी दर्जाचे मानण्याची एक साहित्यिक सवय आहे. ती सोडायला हवी. मुदतीत लिहिणे, दुसऱ्याच्या पात्रांना आवाज देणे, वाहिनीच्या सूचनेनंतर चौथ्यांदा खर्डा बदलणे, यातून जी शिस्त येते ती कादंबरीलाही उपयोगी पडते. मात्र हेच काम दहा वर्षे करत राहिले तर स्वतःचे लेखन मागे पडते, हेही तितकेच खरे.

पटकथेकडे गांभीर्याने वळणाऱ्यांसाठी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. एनएफडीसीची ‘स्क्रीनरायटर्स लॅब’ २००७ पासून निवडक संहितांवर मार्गदर्शकांकडून काम करून घेते. मुंबईच्या डबेवाल्यांभोवती फिरणारा ‘द लंचबॉक्स’ याच लॅबमधून पुढे आला होता.

रंगमंचाची वाट स्वस्त आणि जवळची आहे. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’, आयएनटीची स्पर्धा अशा एकांकिका स्पर्धांनी मुंबईतील लेखकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे उपनगरांतच आहेत. प्रेक्षकांच्या खोकल्यावरून प्रसंग लांबलाय हे ओळखायला शिकवणारी दुसरी शाळा नाही.

ध्वनीचे क्षेत्र नवे आहे. ‘स्टोरीटेल’ने २०१७ मध्ये भारतात पाऊल ठेवले तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मराठी मालिका तेव्हापासून तयार होऊ लागल्या. ‘प्रतिलिपी’सारख्या मंचावर थेट वाचकांसाठी लिहिता येते. मात्र अशा मंचांवर भागांची संख्या आणि वाचनवेळ यांवर उत्पन्न अवलंबून असते, त्यामुळे गोष्ट संपवण्यापेक्षा लांबवण्याचा मोह होतो. विद्यार्थ्याने ही जागा सरावासाठी वापरावी, सवय लावून घेऊ नये.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

साहित्याच्या वर्गात कधीच न शिकवला जाणारा आणि सर्वाधिक नुकसान करणारा विषय म्हणजे करारपत्र. अण्णाभाऊंच्या अनेक कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, ‘फकिरा’ १९६३ मध्ये पडद्यावर आला, तरी १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची हलाखी संपली नव्हती. लेखनातून इतरांना उत्पन्न मिळते आणि लेखक कफल्लक राहतो, ही मराठीतील जुनी गोष्ट आहे. ती टाळण्यासाठी कायद्यात काही तरतुदी आहेत.

पहिली गोष्ट, लेखनाचा हक्क लिहिल्या क्षणी लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी हा वादाच्या वेळचा पुरावा असतो. अंधेरी पश्चिमेला कार्यालय असलेल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सदस्यांना संहितेची ऑनलाइन नोंदणी करता येते. संघटनेकडे वाद सोडवणारी समितीही आहे. कोणालाही कथा ऐकवण्यापूर्वी नोंदणी आणि ऐकवल्यानंतर त्याच दिवशी एक साधा ई-मेल, एवढी सवय पुरेशी उपयोगी पडते.

दुसरी, निव्वळ कल्पनेवर हक्क नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. हक्क मांडणीवर असतो. त्यामुळे दोन ओळींची कल्पना कॉफीच्या टेबलावर सांगण्यापेक्षा वीस पानांचा आराखडा लिहून मग भेटायला जाणे केव्हाही सुरक्षित.

तिसरी, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरण लेखी हवे. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत मानला जातो. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर तो हक्क परत लेखकाकडे येतो. बहुतेक छापील करारांत ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, संपूर्ण विश्व, कायमस्वरूपी’ असे लिहिलेले असते ते या सवलती बाद करण्यासाठीच. ते खोडायला सांगता येते. नकार मिळाला तरी विचारण्यात काही जात नाही.

चौथी, २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या लेखकाला, चित्रपटगृहाबाहेरील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील वाट्याचा हक्क परस्पर सोडून देता येत नाही. प्रत्यक्षात हे पैसे वसूल होणे कठीण आहे, पण करारातील त्याविरुद्धचे कलम पाहून गप्प बसण्याचे कारण नाही.

पाचवी, नोकरी आणि फ्रीलान्स यांतील फरक. पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालक कंपनी असते. जाहिरात कंपनीत दिवसा नोकरी आणि रात्री कादंबरी असे करणाऱ्यांनी नेमणूकपत्र नीट वाचावे.

एका हस्तलिखितात किती हक्क दडलेले असतात याचे चांगले उदाहरण म्हणजे सचिन कुंडलकर यांनी विशीत लिहिलेली ‘कोबाल्ट ब्लू’. मूळ मराठी पुस्तक २००६ चे, इंग्रजी अनुवाद २०१३ चा आणि नेटफ्लिक्सवरील चित्रपट २०२२ चा. पुस्तक, भाषांतर, चित्रपट, ऑडिओ, नाट्यरूपांतर : प्रत्येक हक्क वेगळा आणि वेगळा विकता येतो. पहिल्याच सहीत सगळे देऊन टाकले तर सोळा वर्षांनंतरच्या संधीवर लेखकाचा दावा राहत नाही.

एआयमुळे हे सगळे निरर्थक होणार का?

हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, त्याचे एक प्रमुख कारण एआय होते. शेवटी झालेल्या करारात यंत्राने तयार केलेला मजकूर ‘साहित्यकृती’ मानला जाणार नाही, लेखकाला एआय वापरण्याची सक्ती करता येणार नाही आणि दिलेला मजकूर एआयचा असल्यास तसे सांगावे लागेल, हे मान्य झाले. त्यामागे संघटित लेखकांची ताकद होती.

मुंबईत पहिला फटका बसेल तो अगदी खालच्या पायरीला : भाषांतराचा पहिला खर्डा, डबिंगचे संवाद, जाहिरातीच्या ओळी, मालिकेचे एकपानी सारांश. नवे लेखक याच पायरीवरून वर चढतात. ती पायरीच निघाली तर शिकायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. भाषेचे मॉडेल इंटरनेटवरील मजकुरावर शिकते आणि तिथे मराठी कमी आहे, त्यातही मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा धारावी-मानखुर्दची मिसळलेली बोली फारच थोडी. कान तयार असलेल्या लेखकाकडे आज जे आहे ते यंत्राकडे नाही. पण ही आघाडी कायमची नाही. म्हणूनच कामावर शिकण्याची जागा आक्रसत असताना विद्यापीठातील वर्गाची गरज वाढते.

मग नेमके काय करता येईल?

नवे विद्यापीठ, नवी इमारत, नवा निधी यांची वाट पाहण्याची गरज नाही. नव्या धोरणानुसार राज्यातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ८८ श्रेयांक आहेत. पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे ४ आणि ६ मिळून १० श्रेयांक. एवढ्यात बरेच काही करता येते.

कार्यप्रशिक्षणाचे १२० तास हा आज अनेक ठिकाणी प्रमाणपत्र आणून देण्याचा सोपस्कार होतो. त्याऐवजी मराठी विभागांनी प्रकाशक, ऑडिओ कंपन्या, मालिकांच्या लेखनचमू, अनुवाद संस्था यांच्याशी करार करावेत. कलिना ते अंधेरी हे अंतर रिक्षाचे आहे. घाटकोपर ते वर्सोवा २०१४ पासून मेट्रो धावते. मुलुंड-घाटकोपरच्या मुलीला अंधेरीच्या कार्यालयात शिकायला जाणे आता दादरमार्गे दोन लोकल बदलण्याइतके अवघड राहिलेले नाही. अडचण अंतराची नसून कोणीतरी पत्र लिहून जागा मिळवण्याची आहे. ते काम विद्यार्थ्याच्या ओळखीवर सोडले तर ओळखी असलेल्यांनाच जागा मिळतील.

दुसरे, संशोधन प्रकल्पाऐवजी सर्जनशील हस्तलिखित हा पर्याय खुला करावा. सोबत लेखनप्रक्रियेवर वीस-पंचवीस पानांचे टिपण बंधनकारक ठेवावे, मूल्यमापनासाठी एक प्राध्यापक आणि एक लेखक असावा. जगभर हीच पद्धत आहे. विद्यार्थ्याला दहा श्रेयांक मिळतील, आणि पदवीच्या शेवटी नवलेखक अनुदानाला पाठवता येईल असे हस्तलिखित हातात असेल.

तिसरे, करार आणि हक्क या विषयावर निदान एक छोटा पेपर हवा. लेखक संघटना अंधेरीत, उच्च न्यायालय फोर्टात, विधी महाविद्यालये शहरभर. शिकवायला माणसे मिळणार नाहीत ही सबब मुंबईत तरी चालणार नाही.

चौथे, जागा. उपनगरांतील दोन खोल्यांच्या घरात लिहायला टेबल नसते. मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ अशा संस्थांनी आजवर वाचकांची सोय केली. महापालिकेच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी भरलेल्या असतात. या जागांत आठवड्यातून दोन संध्याकाळी लेखकांचे टेबल राखून ठेवायला खर्च जवळपास शून्य आहे.

आणि शुल्क. हा अभ्यासक्रम ‘स्वयंअर्थसहाय्यित’ म्हणून लाखाच्या घरात नेला, तर तो ज्यांच्यासाठी हवा त्यांनाच बाहेर ठेवेल. नियमित एम.ए.च्या आत, नियमित शुल्कात आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्त्यांना पात्र राहील अशाच स्वरूपात तो यायला हवा.

विद्यार्थ्यांनी आजपासून काय करावे?

व्यवस्था बदलेपर्यंत थांबू नये. पाच-सहा जणांचा गट करून पंधरा दिवसांतून एकदा एकमेकांचा मजकूर छापील कागदावर, पेन हातात घेऊन वाचावा. वर्षाला एक दिवाळी अंक, एक एकांकिका स्पर्धा आणि एक अनुदान योजना असे तीनच लक्ष्य ठेवावे आणि मुदती कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. योजनांच्या अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज करताना संबंधित संस्थेची ताजी सूचनाच प्रमाण मानावी. प्रकाशनासाठी लेखकाकडूनच पैसे मागणाऱ्या प्रस्तावाला घाईने होकार देऊ नये. प्रत्येक करार सही करण्यापूर्वी एक रात्र घरी ठेवावा आणि कायदा समजणाऱ्या एका माणसाला दाखवावा.

चिरागनगरमध्ये अण्णाभाऊंचे स्मारक उभारण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. ते व्हायलाच हवे. पण त्याच वस्तीत आज लिहिणारे कोणी असेल, तर त्याला पुतळ्यापेक्षा एक वर्ग, एक वाचणारा संपादक आणि वेळेवर मिळणारे मानधन यांची गरज जास्त आहे. एम.ए. मराठीच्या दहा श्रेयांकांत त्याची सुरुवात होऊ शकते. त्यासाठी लागतो तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा एक ठराव.